पेसमेकर बसवलाय, मला बसवू नका!



गेल्या रविवारी बस्तीत पूजा आटोपल्यावर आम्ही चार-पाचजणी ओसरीवर टेकलो होतो. एकीनं सांगितलं, की तिच्या सासूबाईंना पेसमेकर बसवून वर्ष झालं. मी विचारलं, "चालतात का आता?" ती अगदी अभिमानानं म्हणाली, "छे हो काकू, आम्ही त्यांना खाटेवरून उठूसुद्धा देत नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात नेऊन देतो." बाकीच्या म्हणाल्या, "नशीबवान गं सासू तुझी!"

मी तिथं गप्प बसले. देवाच्या दारात वाद नको म्हणून. पण घरी आल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे लिहायला घेतलं. ती सून वाईट नाही. मनापासून सेवा करते आहे. पण मैत्रिणींनो, ती सेवा नव्हे. धडधाकट होऊ शकणाऱ्या बाईला आपण प्रेमानं पांगळं करतो आहोत, आणि वर त्याला पुण्य म्हणतो आहोत.

मी हे अधिकारानं बोलते, कारण माझ्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली तीच डबी आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ओट्यापाशी भाकरी थापता थापता मी खाली कोसळले. नाडी छत्तीस लागली. हृदयाचे ठोके जिथून सुरू होतात ती मूळ जागाच मंद झाली होती. डॉक्टरांनी पेसमेकर बसवायला सांगितलं. डबी म्हणजे साधारण अडीच-तीन तोळ्यांची. आपल्या पाटल्यांचं वजन याहून जास्त भरेल. तिच्यातून निघालेल्या बारीक तारा शिरेतून हृदयात जातात आणि ठोका चुकला, की तिथं हलकासा इशारा देतात. एवढंच तिचं काम. हृदय आपलंच, रक्त आपलंच, पाय आपलेच.

मी घरी आले आणि सगळ्यांनी मिळून मला बसवलं. खिडकीपाशी आरामखुर्ची आली. "अंगणात जाऊ नको, चक्कर येईल." "जिना नको." "मंदिरात पायी नको, रिक्षा सांगतो." सासूबाई, हे, मुलगा, शेजारच्या अक्का, सगळ्यांचं एकच पालुपद. मलाही आधी बरं वाटलं. चाळीस वर्षांत कुणी मला बस म्हटलं नव्हतं.

पण अठराव्या दिवशी काय झालं ते सांगते. गिरणीतून दळण आलं. दहा किलोचा डबा दारात. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि सासूबाईंनी आतून हाक मारली, "तेवढा डबा आत घे गं, मुंग्या लागतील." त्याच आठवड्यात माळ्यावरचं मोठं पातेलं काढायला मीच हात वर केला, आणि "मला देतो" असं कुणी म्हटलं नाही. म्हणजे अंगणात पाच मिनिटं चालणं धोक्याचं, पण दहा किलोचा डबा उचलणं चालतं. स्टुलावर चढून हात ताणणंही चालतं.

वैद्यकीयदृष्ट्या गोष्ट नेमकी उलटी आहे. पहिल्या आठवड्यापासून करायचं ते चालणं, आणि टाळायचं ते डबा उचलणं. हृदयात नेऊन ठेवलेल्या तारेचं टोक तिथं घट्ट धरायला काही आठवडे लागतात. तोवर त्या बाजूचा हात जोरात ताणला, झटक्यानं वर नेला किंवा जड उचललं, तर तार जागची हलू शकते. मग पुन्हा टाके, पुन्हा तार. मला डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते : डावं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, डाव्या हातानं पाच किलो उचलायचं नाही, ओढाताण नाही. पण हात गळ्यात बांधून गप्प ठेवायचा नाही, हेही बजावलं होतं. खांद्याखाली सगळी हालचाल करायची, वेणी घालायला कोपर वर न्यावं लागतं म्हणून तेवढी दुसऱ्याकडून घालून घ्यायची, नाही तर खांदा आखडून बसतो.

हे सगळं सुटीच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद घरात कुणी वाचला? कुणीच नाही. "आराम करा" एवढेच दोन शब्द सगळ्यांना ऐकू आले. आणि आराम म्हणजे काय हे आपापल्या सोयीनं ठरलं. जे माझं होतं, म्हणजे चालणं, मंदिर, मैत्रिणी, ते बंद. जे घराचं होतं ते चालू.

आमच्या गल्लीत एका काकांची बायपास झाली. महिन्याभरात मुलानं बूट आणून दिले. रोज सकाळी काका बागेत फिरायला जातात, सूनबाई दारात पाण्याची बाटली घेऊन उभी असते. फार चांगली गोष्ट आहे. पण तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी सासूला किंवा आईला दवाखान्यातून आल्यावर बूट आणले गेले? पुरुषाच्या हृदयाला व्यायाम आणि बाईच्या हृदयाला खाट, असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?

यावर मला लगेच उत्तर मिळतं, "अगं, बायकांना वेगळा व्यायाम कशाला? घरकाम हाच व्यायाम." हे वाक्य आपल्या आयांनी ऐकलं, आपण ऐकलं आणि आता सुनांनाही ऐकवतो. दिवसभर ओट्याशी उभं राहिल्यानं पाय सुजतात आणि कंबर धरते. पण दर दोन मिनिटांनी थांबत, वाकत, उचलत केलेल्या कामानं दम वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगितली आहे. पासष्टीनंतरही तेवढीच, वर तोल सांभाळण्याचे व्यायाम. घरातलं कामही त्यात धरता येतं, पण श्वास थोडा वाढेल इतक्या जोराचं असेल तर. पोळ्या लाटून तेवढा वाढत नाही. आणि पहिल्या सहा आठवड्यांत तर घरकामातली निम्मी कामं नेमकी वर्ज्य असलेलीच आहेत : बादली, पिळणं, माळा, गादी उलटणं, कुकर भरून उचलणं.

चौक्याचंही बोलते, राग धरू नका. गावात महाराज आले, की आपल्याला आहार द्यायची हौस असते. चौक्याला विहिरीचं पाणी लागतं, पोहरा हातानं ओढायचा असतो. पेसमेकर बसवून पाच आठवडे झालेल्या बाईनं पोहरा ओढू नये. तिनं धान्य निवडावं, भाजी चिरावी, चौक्यात उभं राहून आहार द्यावा. पाणी घरातल्या मुलानं ओढावं. त्यात कसला कमीपणा? पुण्य काही पोहऱ्याच्या दोरीला बांधलेलं नाही.

मग मी काय केलं? सातव्या दिवशी अंगणातच सुरुवात केली. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मग दहा. मग गल्लीच्या टोकापर्यंत. पहिली पाच मिनिटं अगदी सावकाश, मग नेहमीची चाल, आणि शेवटची पाच मिनिटं पुन्हा सावकाश. एकदम सुरू नाही, एकदम थांबणं नाही. किती जोरात चालायचं याचं मला डॉक्टरांनी सोपं माप दिलं : चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण स्तवन म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर चाल कमी करा. आरामात गाता येत असेल तर थोडी वाढवा. पेसमेकर असताना आणि नाडी धीमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना मनगटावरच्या घड्याळातले आकडे बघून घाबरण्यापेक्षा हे माप बरं.

तिसऱ्या महिन्यात मंदिराच्या पायऱ्या चढताना मला धाप लागायला लागली. सपाटीवर ठीक, चढावर मात्र पाय जड, छाती भरलेली. झालं! घरात एकच गजर : "सांगत नव्हतो? बस म्हटलं तर ऐकत नाही." मी मात्र तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "तुमचं दुखणं नाही हे, मशीनची मांडणी आहे." बऱ्याच पेसमेकरमध्ये शरीराची हालचाल ओळखणारी सोय असते. तुम्ही चालायला लागलात, की ती ओळखते आणि ठोके वाढवते. माझं हृदय स्वतःहून ठोके वाढवत नाही, म्हणून मला ती सोय हवीच. पण ही सोय अंगाच्या हिसक्यांवर चालते. पायऱ्या चढताना आपण सावकाश, जपून चढतो. अंग फारसं हलत नाही, म्हणून मशीनला वाटतं बाई आरामात आहे. उतरताना अंगाला हिसके बसतात, तेव्हा ते ठोके वाढवतं, खरं तर तेव्हा तेवढी गरज नसते. एका जागी बसून चालवायच्या सायकलवरही असंच होतं. पाय राबतात, पण छाती स्थिर असते.

त्यांनी छातीवर एक यंत्र धरलं, पडद्यावर काहीतरी बदललं आणि मला बाहेर व्हरांड्यात चालून यायला सांगितलं. आले, पुन्हा थोडं बदललं. टाका नाही, सुई नाही, सगळं दहा-पंधरा मिनिटांत. पुढच्या आठवड्यात मी त्याच पायऱ्या चढले आणि वर जाऊन स्तवनही म्हटलं.

विचार करा. मी घरच्यांचं ऐकून खुर्चीत बसले असते, तर ती धाप मला कळलीच नसती. मशीन तसंच चुकीच्या मांडणीवर राहिलं असतं आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, "वय झालं, आता असंच." आपल्यातल्या कितीजणी अशाच खुर्चीत बसल्या असतील, ज्यांचं दुखणं म्हणजे फक्त एक न बदललेला आकडा आहे?

माझ्या आत्याचं असंच झालं. तिला माझ्या आधी कितीतरी वर्षं पेसमेकर बसवला होता. घरच्यांनी तिला फुलासारखं जपलं. जागेवर जेवण, जागेवर जप. तीन-चार वर्षांत तिच्या पोटऱ्या काठीसारख्या झाल्या. एक दिवस न्हाणीघरात तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती पुन्हा उठली नाही. ती गेली तेव्हा पेसमेकरची बॅटरी शिल्लक होती. पाय संपले होते.

आता आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, "शरीर नश्वर आहे, त्याचे एवढे लाड कशाला?" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि दरवेळी ते बाईच्याच शरीराबद्दल ऐकलं आहे. शरीर नश्वर आहे हे आपल्या मुनिराजांइतकं कुणाला कळलं असेल? पण ते खाटेवर बसून राहतात का? आयुष्यभर अनवाणी विहार करतात. दिवसातून एकदाच आहार घेतात, पण घेतात, कारण संयम पाळायचा तर देह चालता राहिला पाहिजे. देहाचे लाड न करणं आणि देह सडू देणं यात फार अंतर आहे. मला गुडघे टेकून पंचांग नमस्कार करता येतो, स्वतःच्या पायांनी दर्शनाला जाता येतं, तो लाड नाही.

आपल्या नियमांची मात्र व्यायामाशी नीट सांगड घालावी लागते. सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम असेल, तर संध्याकाळी उशिरा फिरून आल्यावर घसा कोरडा पडतो आणि रात्रभर तसंच राहावं लागतं. म्हणून मी सकाळीच जाते. दर्शन घेते, पाणी पिते, थोड्या वेळानं चालते. दशलक्षणात उपवास करायचा तर आधी डॉक्टरांना विचारते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या निर्जळी उपवासात त्रास देऊ शकतात. उपवासाच्या दिवशी जोराचं चालणं बंद. पारण्यानंतर पुन्हा सुरू.

आणि भीतीचं काय? भीती नको तिथं आहे, हवी तिथं नाही. "मिक्सर लावू नको, टीव्हीजवळ बसू नको" असं मला सांगत होते. हे दोन्ही चालतं. जपायचं ते चुंबकाला. आपल्या बचत गटात चुंबकाच्या गाद्या आणि चुंबकाची कडी विकायला येतात, "हृदयाला चांगलं" म्हणून! पेसमेकरवालीनं ती घेऊ नयेत. चुंबकाची कळ असलेली पर्स किंवा नावाचा बिल्ला छातीवर नको. मोबाइल ब्लाउजमध्ये खोचायचा नाही, वीतभर लांब. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवा. व्यायामशाळेत वजनाबरोबर चरबी मोजणारा काटा असतो, त्यावर उभं राहू नका, अंगातून बारीक वीज सोडून तो मोजतो. आणि पेसमेकरचं कार्ड चालायला जाताना जवळ ठेवा.

योगासनं करणाऱ्यांसाठी : पहिले सहा आठवडे सूर्यनमस्कार नाहीत, हातांवर भार येणारं कुठलंही आसन नाही. त्यानंतर डॉक्टरांना दाखवून, विचारून, हळूहळू. छातीला मार लागेल असे खेळ कायमचे नकोत. ज्यांचं यंत्र शॉक देणारं असतं, त्यांचं माप वेगळं. त्यांनी किती जोर करायचा हे डॉक्टरांकडून ठरवूनच घ्यावं.

चालताना चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं, तर तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा. जखमेची जागा लाल झाली, पू आला, ताप आला, पाय सुजले किंवा उचकी थांबेनाच, तरी दाखवा. उचकीला हसू नका. कधी कधी तार हलल्याचीही ती खूण असते.

शेवटी एक गोष्ट. शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला मिळाला. तो मिळाला त्याच्या बायकोमुळे. एल्स-मारी तिचं नाव. नवरा दिवसातून अनेकदा बेशुद्ध पडत होता, आणि असं यंत्र तेव्हा तयारच नव्हतं. ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या आणि यंत्र बनवणाऱ्या अभियंत्याच्या मागे हात धुऊन लागली आणि त्यांच्याकडून ते करवून घेतलं. पहिलं यंत्र काही तासच चाललं. तरी तो माणूस पुढं ४३ वर्षं जगला. एकामागून एक २६ पेसमेकर वापरले आणि २००१ साली ८६ व्या वर्षी गेला, तोही हृदयानं नव्हे, कर्करोगानं.

एका बाईनं नवऱ्यासाठी एवढा हट्ट धरला. मी म्हणते, तेवढा हट्ट आपण स्वतःसाठी, सासूसाठी, आईसाठी धरावा. जिच्या घरी पेसमेकरवाली बाई आहे, तिनं आज तीन कामं करावीत. दवाखान्याचा तो कागद शोधून पूर्ण वाचावा. पुढच्या तपासणीला "त्यांनी किती चालावं?" हा प्रश्न विचारावा, आणि चालताना काय होतं ते त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगू द्यावं. आणि पाण्याचा तांब्या हातात नेऊन देण्याऐवजी त्यांचा हात धरून अंगणात एक फेरी मारावी. दळणाचा डबा मात्र तुम्ही उचला.

मी गेल्या महिन्यात कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन आले. डोंगर पायी चढले, चार ठिकाणी बसले, पण चढले. शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची आहे. घरी सगळे आत्तापासूनच डोलीचं बोलताहेत. मी अजून काही ठरवलेलं नाही, डॉक्टर काय म्हणतात ते बघायचं. पण रोजच्या चालण्यात मी पाच मिनिटं वाढवली आहेत.

त्या रविवारच्या मैत्रिणीला यातून वाईट वाटलं असेल तर उत्तम क्षमा. मत मात्र मागे घेत नाही. येत्या रविवारी सासूबाईंना घेऊन ये. मंदिराभोवती आम्ही दोघी मिळून एक प्रदक्षिणा घालू.

जय जिनेंद्र.